क्रमांक १४३ नंतर

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार,

माझे वय ५० वर्षे असून आम्ही साताऱ्यात राहतो. हे राज्य शासनाच्या नोकरीत आहेत आणि तीन वर्षांनी, ५८ पूर्ण झाल्यावर, निवृत्त होतील. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला आहे, मुलगाही गेल्या वर्षी पुण्याला गेला. आता घरात आम्ही दोघे आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. मी १९९८ साली वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात लग्न झाले. दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले, मग मुलगी झाली आणि ते सुटले ते सुटलेच. तक्रार करावी असे कोणीही माझ्याशी वागलेले नाही, आणि तीच माझी अडचण आहे.

घटस्थापनेच्या आधी माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रांत बांधलेला एक गठ्ठा हाती लागला. एम.एस्सी.च्या वेळच्या माझ्या हर्बेरियम शीट्स, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेले कागद, होत्या त्या. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी, आणि 'संकलक' या रकान्यात माझे माहेरचे नाव. शेवटची शीट पांगाऱ्याची, मार्च १९९८ मधली, क्रमांक १४३. लग्नात तांदळात माझे नाव बदलले, तेव्हापासून जुन्या नावाने फक्त आई हाक मारत असे. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी शिडीवरच बसून रडले. हे खालून म्हणाले, "ते कागद रद्दीत घालायचे का?" रात्री मुलीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "आई, तू काहीतरी छंद लावून घे, योगासनांच्या वर्गाला जा." दोघांच्याही मनात वाईट नव्हते, तरी त्यानंतर माझे कोणाशी धड बोलणे झालेले नाही. मध्यरात्री घाम येऊन जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून डोळे भरून येतात. मागे पाहुण्यांना घेऊन आम्ही कासला गेलो होतो, तेव्हा सगळे फुले पाहायला गेले आणि मी डबे सांभाळत गाडीपाशी बसले होते, हेही आता सारखे आठवते.

सगळे चांगले असताना मला हे काय झाले आहे? या वयात काही सुरू करायचे तर काय करू? प्राध्यापकीसाठीची सेट ही पात्रता परीक्षा द्यावी, पीएच.डी.ला नाव घालावे? आणि सासूबाईंना, घराला बाजूला ठेवून स्वतःचा विचार करणे हा स्वार्थ नाही का?

एक वाचक, सातारा

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: 'तक्रार करावी असे कोणीही माझ्याशी वागलेले नाही, आणि तीच माझी अडचण आहे.' आपल्याकडे दुःख सांगितले की ऐकणारा आधी दोषी कोण ते विचारतो. नवरा त्रास देतो, सासू छळते, मुले विचारत नाहीत, असे काही सांगता आले की ऐकणाऱ्याला उलगडा होतो आणि सांगणारीलाही हलके वाटते. तुमच्याकडे नाव घेण्याजोगे कोणी नाही, म्हणून तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसला आहात. तो आधी खाली ठेवा. कोणाच्या हातून काही वाईट घडले नसले तरी माणसाचे काहीतरी हरवू शकते, आणि तुमचे खरोखरच हरवले आहे. ज्या नावाने तुम्ही शाळेत गेलात, दहावी-बारावी झालात, ज्या नावाने रानोमाळ हिंडून १४३ वनस्पती गोळा केल्यात, ते नाव एका दुपारी ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरे नाव लिहिले गेल्यामुळे वापरातून गेले. कोणी ते हट्टाने पुसले नाही. रीत होती, सगळे हसत होते, तुम्हीही नव्या नावाच्या कौतुकात होतात. पुढे ते नाव तुमच्या आईच्या तोंडी तेवढे राहिले. म्हणून मला असे वाटते की त्या दिवशी शिडीवर बसून तुम्ही निम्म्याहून अधिक आईसाठी रडलात. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दहावे-तेरावे, भावाच्या घरची ये-जा, इकडे सासूबाईंची औषधे, मुलाचे शिक्षण या सगळ्यात तुम्हाला मोकळेपणाने रडायला सवड मिळाली होती का, हे एकदा आठवून पाहा. नसेल मिळाली, तर ते रडणे उशिरा आले एवढेच, आणि त्याचा संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही.

मात्र पत्रातली दुसरी गोष्ट मी मनाच्या खात्यात टाकणार नाही. मध्यरात्री घाम येऊन जाग येणे, झोप मोडणे, चटकन डोळे भरून येणे ही तुमच्या वयातल्या शरीराची लक्षणे असण्याची शक्यता मोठी आहे. पाळी सलग १२ महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास घडते, कोणाचे आधी, कोणाचे पन्नाशीनंतर. त्याच्या आगेमागे काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी खालीवर होत राहते आणि त्याचा परिणाम झोपेवर, शरीराच्या तापमानावर, स्मरणावर आणि मनःस्थितीवर होतो. आपल्या आयांनी हे सगळे 'अंगात उष्णता झाली' म्हणून सब्जा घालून पाणी पीत काढले. तुम्ही तसे काढू नका. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, रक्तदाब एवढे तपासून घ्या. थायरॉइडची आणि रक्तक्षयाची लक्षणे हुबेहूब उदासीसारखी दिसतात, आणि गोळीने बरे होणारे दुखणे स्वभावाचा दोष समजून वर्षानुवर्षे वागवणाऱ्या कितीतरी बायका मला या सदरामुळे पत्रांतून भेटल्या आहेत. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर 'बघू पुढच्या महिन्यात' असे न म्हणता लगेच डॉक्टरांना दाखवायचे, हेही लक्षात असू द्या. आणि कशातच रस वाटत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते असे दोन आठवडे सतत राहिले, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता तुमच्या घरातल्या दोन वाक्यांबद्दल. 'ते कागद रद्दीत घालायचे का?' हे वाक्य तुम्हाला किती लागले असेल याची मला कल्पना आहे. परंतु मी तुम्हाला एक प्रश्न विचारते, आणि तो तुमची बाजू सोडून विचारत नाही. गेल्या २७ वर्षांत तुमच्या यजमानांनी ती शीट कधी पाहिली होती का? वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोरीने बांधलेला गठ्ठा त्यांना खालून दिसला. तो रद्दीसारखाच दिसत होता. त्यात काय आहे हे ठाऊक असलेली घरातली एकमेव व्यक्ती तुम्ही, आणि तुम्हीच तो गठ्ठा माळ्यावर सर्वांत मागे सरकवून ठेवलात. संसारात पडल्यावर आपल्या पिढीतल्या बऱ्याच बायकांनी हेच केले. हवे असलेले मागितले नाही, कारण मागितल्याशिवाय कोणाला तरी कळेल अशी आशा होती. आणि कोणाला कळले नाही तेव्हा ते हवेच नव्हते अशी स्वतःची समजूत घातली. म्हणून पहिले काम हे की, एका संध्याकाळी जेवणानंतर, दूरदर्शनसंच बंद असताना, ती पांगाऱ्याची शीट टेबलावर त्यांच्यासमोर ठेवा. 'तुम्ही असे म्हणालात' या वाक्याने सुरुवात करू नका. हे फूल कुठे मिळाले, कोणाबरोबर गेला होतात, झाडावर कोण चढले, रोज टिपकागद बदलून ते कसे वाळवले, आणि चिठ्ठीवर हे जे नाव आहे ती कोण होती, एवढेच सांगा. बोलताना रडू आले तर येऊ द्या. ते काय म्हणतील हे मी सांगू शकत नाही. पण तेही पंचावन्न वर्षांचे आहेत, तीन वर्षांनी त्यांच्या नावापुढचे पद जाणार आहे, आणि 'आता मी कोण' हा प्रश्न त्यांच्याही उशाशी असणार. तुम्ही तो आधी उच्चारलात तर कदाचित त्यांनाही बोलता येईल.

मुलीबद्दल एवढेच म्हणेन की तिने तुम्हाला आई म्हणूनच पाहिले आहे, तुमच्या दुसऱ्या ओळखीचा पुरावा तिच्यापाशी नाही. शीटचा एक फोटो तिला पाठवा, चिठ्ठीवरचे नाव वाचता येईल असा, आणि खाली काही लिहू नका. ती विचारील.

स्वार्थाच्या प्रश्नाकडे मी अधिक सविस्तर येते, कारण तुमच्यासारख्या निम्म्या पत्रांच्या शेवटी हाच शब्द असतो. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. यात आजारी-वृद्ध माणसांची देखभाल वेगळी धरलेली आहे. तुम्ही एक आठवडा फक्त लिहून काढा: सकाळी उठल्यापासून दर तासाला काय केले, कोणासाठी केले. वही स्वयंपाकघरात ओट्याजवळ टांगून ठेवा म्हणजे विसरायला होणार नाही. मुले घरात असतानाचा सगळा रगाडा आता उरलेला नाही, तरी दिवस भरलेलाच जातो, असा बहुतेकींचा अनुभव असतो, आणि वही पाहिली की त्याचे कारण कळते. मुलांच्या डब्यांची जागा दुसऱ्याच कामांनी घेतलेली असते आणि त्यांतली बरीचशी कोणी सांगितलेली नसतात. तिघांच्या घरात रोज दोन भाज्या, कोशिंबीर आणि ताजे ताक हवेच, हे कोणी ठरवले? कदाचित तुम्हीच, कारण हात रिकामे राहिले तर मन कुठे जाईल याची भीती होती. हे मी दोष म्हणून सांगत नाही. रिकामा वेळ सोसवत नाही अशी एक अवस्था असते, आणि मुले घराबाहेर पडल्यानंतरचे पहिले वर्ष ते दीड वर्ष ती फार तीव्र असते.

त्या वहीतून आठवड्याला तीन तास काढा. सुरुवातीला तीनच, पण ते एकाच ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, असे म्हणू. रविवारी यजमान घरी असतात, म्हणजे सासूबाईंचा चहा, औषध आणि अंघोळीचे पाणी ते पाहू शकतात. त्यांच्या सख्ख्या आईचे करायला त्यांना शिकवावे लागेल असे वाटत असेल, तर शनिवारी गोळ्यांची डबी भरून दाखवून ठेवा. हे घरात सांगताना 'जाऊ का' असे विचारू नका, 'मी रविवारी सकाळी बाहेर असते' असे सांगा. इथे मी माझी एक चूक सांगते. मी ५२ व्या वर्षी पोहायला शिकायचे ठरवले आणि दोन वर्षे घरातल्यांच्या सोयीची वाट पाहिली. शेवटी एका रात्री भांडणात, सगळ्यांची सगळी जुनी उणीदुणी काढून, 'उद्यापासून मी जाणार' असे ओरडून सांगितले. गेले खरी, पण पुढे कित्येक महिने माझे पोहणे घरात भांडणाची खूण होऊन राहिले आणि तलावावरून आले की मीच अपराध्यासारखी वागत असे. तीच गोष्ट शांतपणे, वेळ आणि व्यवस्था ठरवून सांगितली असती, तर कोणीही अडवले नसते हे मला फार उशिरा कळले. तुम्ही ती दोन वर्षे वाचवा. पहिल्या दोन-तीन रविवारी नेमके काहीतरी निघेल, पाहुणे येतील, गॅस संपेल, सासूबाईंचे गुडघे दुखतील. खरेच आणीबाणी असेल तर थांबा. नसेल तर जा. चौथ्या रविवारनंतर घराला सवय लागते.

सेट आणि पीएच.डी.चे तुम्ही विचारले आहे. सेट परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, पीएच.डी.लाही नाही, त्यामुळे ५० व्या वर्षी दार बंद झाले आहे असे अजिबात समजू नका. तरी माझे स्पष्ट मत असे की या वर्षी दोन्हींचे नाव काढू नका. तुम्हाला आत्ता जे हवे आहे ते प्रमाणपत्र नाही, आणि परीक्षेचा अर्ज भरला की तुम्ही पुन्हा एकदा कोणाच्या तरी पसंतीची वाट पाहायला लागाल. शिवाय २७ वर्षांत तुमचा विषय हलला आहे. तुम्ही बेंथम आणि हूकर यांचे वनस्पतींचे जुने वर्गीकरण शिकलात. ज्या १९९८ साली तुमचे लग्न झाले, त्याच वर्षी डीएनएच्या आधारे केलेले सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण, एपीजी, पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. तुमच्या गठ्ठ्यात रुईची किंवा कंदीलपुष्पाची शीट असेल तर तिच्यावर कुळ ॲस्क्लेपिएडेसी लिहिलेले असेल. ते कुळ आता ॲपोसायनेसीत सामावून गेले आहे. सफेद मुसळीवर लिलिएसी असेल. ती आता ॲस्परॅगेसीत आहे. भारंगी व्हर्बिनेसीतून निघून तुळशी-सब्जाच्या लॅमिएसी कुळात गेली. पाने तीच, फुले तीच, फक्त ती कोणाची कोण हे नव्याने समजले. तुम्ही जुनी चिठ्ठी फाडू नका, खोडूही नका. वनस्पतिसंग्रहालयांत जुन्या चिठ्ठीच्या शेजारी नव्या नावाची दुसरी चिठ्ठी, तारीख घालून, चिकटवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. एका वेळी एक शीट घेऊन असे केलेत तर हिवाळाभर पुरेल एवढा अभ्यास त्या गठ्ठ्यातच आहे. आणि हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या पत्रात मधूनमधून असे जाणवते की तुम्ही ती २३ वर्षांची मुलगी परत शोधायला निघाला आहात. ती तशीच्या तशी कुठे थांबलेली नाही. तिच्या गुडघ्यांत जोर होता, तिच्यावर कोणाची जबाबदारी नव्हती, आणि तिला तुमच्याएवढे माणसांचे काहीही ठाऊक नव्हते. तिचे कुतूहल मात्र तुमच्याकडे आहे, नाहीतर तुम्ही शिडीवर बसला नसतात, गठ्ठा सरळ खाली दिला असता.

एक काळजी घ्यायची आहे, आणि ती महत्त्वाची आहे. त्या काळी वाळलेल्या नमुन्यांना कसर लागू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी ते मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढत. तुम्ही ते वापरले होते का, हे आठवून पाहा; आठवत नसेल तर वापरले होते असेच धरून चाला. ते विषारी आहे आणि वर्षानुवर्षे कागदावर टिकून राहते. शीट्स हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, गठ्ठा स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका, आणि यजमानांना दाखवायची ती पांगाऱ्याची शीट पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून मगच टेबलावर ठेवा.

सासूबाईंबद्दल तुम्ही फक्त एवढेच लिहिलेत की त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांना बाजूला ठेवणे तुम्हाला जमत नाही. बाजूला का ठेवायचे? सातारा जिल्ह्यात वाढलेली ८१ वर्षांची बाई म्हणजे रानभाज्यांची चालती वही असते. कुर्डू कोवळी कुठपर्यंत खुडायची, टाकळा कोणत्या नक्षत्रात चांगला लागतो, भारंगीचा कडूपणा कसा काढायचा, आंबुशी कशात घालायची, चिवळ आणि घोळ यांत फरक काय, हे त्यांच्याकडून ऐकलेले तुम्ही आजवर भाजी निवडण्यापुरते वापरले असेल. आता वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. त्या नाव सांगतील, तुम्ही शास्त्रीय नाव लिहा; त्या सांगतील तसे उच्चार लिहा, कारण एकाच भाजीला जावळीत एक आणि माणमध्ये दुसरे नाव असते आणि ही नावे कोणत्याही ग्रंथात पुरी मिळत नाहीत. दुपारचा अर्धा तास पुरे. इतक्या वयाच्या माणसाला औषधाची वेळ सोडून दुसरे काही कोणी विचारत नाही. सुनेने शिष्यासारखे समोर बसून विचारले, तर त्यांचाही दिवस वेगळा जाईल, आणि रविवारी सकाळी तुम्ही पिशवी घेऊन निघालात की 'कुठे चाललीस' ऐवजी 'काय आणलेस' हा प्रश्न येईल. सगळ्याच सासूबाईंच्या बाबतीत मी हे सुचवले नसते. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी एकही कडू शब्द नाही म्हणून धजते आहे.

कासला जाल तेव्हा या वेळी डबे दुसऱ्या कोणाला तरी सांभाळू द्या. जगाच्या वारसायादीत २०१२ साली गेलेले ते जांभ्याचे पठार तुमच्या घरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, आणि ज्या टोपली कारवीला सातव्या वर्षी बहर येतो ती तुमच्या संसारात तीन-चार वेळा फुलून गेली. ते गेले ते गेले. पण यंदाचा हंगामही आता सरत आला आहे, तेव्हा पुढच्या श्रावण-भाद्रपदापर्यंत सुरुवात लांबवू नका. यवतेश्वरचा घाट चढायचीही गरज नाही. अजिंक्यताऱ्याची वाट आहे, तुमच्या गल्लीतले मोकळे प्लॉट आहेत, पाटाचे काठ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर पेटतील, तेव्हा तुमची नजर पुन्हा तयार झालेली असेल. तोडायचे मात्र तारतम्याने. पठारावर फुलाला हातही लावायचा नाही, दुर्मीळ वाटले तर कुठेही नाही. तिथे फोटो घ्या, पानाचा, फुलाचा, आणि पूर्ण झाडाचा वेगळा, शेजारी सहा इंची पट्टी धरून. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर असे फोटो ठिकाण आणि तारखेसह चढवता येतात, आणि ओळख चुकली तर जाणकार दुरुस्त करतात. त्यासाठी खाते उघडताना नाव विचारले जाईल. तिथे काय लिहायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. आधार कार्डावर नसलेले नावही तिथे चालते.

चाळिशी-पन्नाशीत जुने काही पुन्हा हाती घेणाऱ्यांना मी एरवी नवी कोरी वही आणायला सांगते. तुम्हाला सांगणार नाही. नमुने गोळा करणाऱ्यांची एक जुनी शिस्त आहे, ती तुमच्या सरांनी तुम्हालाही नक्की सांगितली असेल: संकलकाचा क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू करायचा नसतो, गाव बदलले म्हणून नाही, नोकरी बदलली म्हणून नाही; तो आयुष्यभर एकच, सलग चालवायचा असतो. तुमच्या मालिकेत मार्च १९९८ मधल्या पांगाऱ्यावर १४३ आहे. या रविवारी पायऱ्यांच्या फटीत किंवा कुंपणाच्या कडेला एकदांडी नक्की उगवलेली असेल, बारा महिने असते. मुळासकट उपटा, माती झटका, वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, वर दोन जाड पुस्तके ठेवा आणि कागद रोज बदला. वाळली की चिठ्ठी लिहा. ठिकाण: सातारा, राहत्या घराचे अंगण. संकलक: आई जे नाव घेऊन हाक मारायची ते. क्रमांक: १४४.